प्रवासाचा सरंजाम

चिंचवडगांवांत पवनेच्या कांठापासून हाकेच्या अंतरावर आमचें घर आहे. तीन पिढ्यांचें जुनें. मागील दारीं विहीर, पुढील दारीं ओटा, आणि माडीवर रस्त्याच्या अंगास एक लांबट खोली. या खोलीस आमच्या घरांत ‘उतारूंची माडी’ म्हणतात. आमच्या आजोबांच्या वेळीं मोरयाच्या दर्शनास आलेला, भाद्रपदांत किंवा माघांत मोरगांवच्या पालखीबरोबर निघालेला, मुंबईच्या गाडीसाठीं खोळंबलेला, असा कोणीही ओळखीचा अथवा ओळखीच्याच्या ओळखीचा मनुष्य तेथें एक दोन रात्री पाठ टेकी, सकाळीं गरम पाण्यानें स्नान करी आणि पुढील वाट धरी. त्याबद्दल पैसा घेण्याची गोष्ट कोणाच्या मनांतही येत नसे. पुढें पाहुणे कमी झाले; माडीवर जुन्या गाद्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि आमचीं क्रमिक पुस्तकें जाऊन बसलीं; नांव मात्र राहिलें.

गेल्या वैशाखांत रात्रीच्या जेवणाच्या वेळीं आमच्या धाकट्या सूनबाईंनीं असें सुचविलें कीं, ही माडी साफ करून प्रवाशांस रोजाच्या भाड्यानें द्यावी. त्यांनीं सर्व हिशेब कागदावर मांडून आणला होता. सरकारच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारीची योजना आहे, तींत घराची नोंद करतां येते. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची वर्दी चोवीस तासांच्या आंत सरकारास द्यावी लागते. हें सारें त्या कागदावर होतें. शेवटच्या ओळींत घराच्या पश्चिमेकडील छपराच्या दुरुस्तीचा आकडा होता. तें छप्पर दोन पावसाळे गळत आहे हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें, परंतु आकडा कोणी मोठ्यानें उच्चारीत नव्हतें. बिल्डरचा माणूस दोनदां ओट्यावर बसून चहा पिऊन गेला होता, आणि त्याचाही आकडा आम्हांस ठाऊक होता.

आमचे वडील बंधू दादा यांनीं सर्व ऐकून घेतलें. “आपल्या घरीं उतरलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे?” एवढेंच ते बोलले, आणि उत्तरापोशन घेऊन उठून गेले. सूनबाई ताटाकडे पाहत राहिल्या. तेव्हां वहिनी म्हणाल्या, “हल्लीं लोक उतरतात कोठें आणि त्यांना लागतें काय, तें तरी आधीं कळूं दे. भावजी, तुम्ही रिकामे आहांत. तुम्ही पाहून या.” चाळीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविल्यावर मनुष्यास ‘रिकामा’ ही पदवी मिळते, हें ज्यांस निवृत्तीचा अनुभव आहे त्यांस निराळें सांगावयास नको. असो. या चौकशींतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रवाशाच्या उताऱ्याचा विचार करावयाचा तर आमच्या मुलुखांत दोन हजार वर्षें मागें जावें लागतें. कार्ले, भाजें, बेडसें येथील विहारांत भिक्षूंच्या निजण्यासाठीं खडकांतच ओटे कोरलेले आहेत. उशी नाहीं, पांघरूण नाहीं, परंतु पावसाळा काढण्यास जागा उत्तम. कार्ल्याच्या चैत्यांतील खांबांवर दान देणाऱ्यांचीं नांवें आहेत, आणि त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. उलट, चाकणहून जुन्नरास जाऊन नाणेघाटाच्या माथ्यावर उभें राहिलें, तर तेथें दगडाचा एक प्रचंड रांजण दिसतो; तो जकातीचा, असें परंपरेनें सांगतात. शेजारच्याच लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. म्हणजे फुकटचा उतारा आणि वाटेवरचा पैसा या दोन्ही गोष्टी एकाच सह्याद्रीच्या कुशींत नांदत आल्या आहेत. ही गोष्ट आम्हीं दादांस सांगितली. ते म्हणाले, “रांजण घाटांत आहे, घरांत नाहीं.”

आमच्या चिंचवडास परदेशी प्रवासी कांहीं आजच येऊं लागले असें नव्हे. १८०९ सालीं मारिया ग्रॅहम नांवाच्या एक इंग्रज बाई येथें देवांच्या भेटीस आल्या होत्या, आणि १८१२ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यांनीं ती हकीकत दिली आहे. हल्लींचे प्रवासी उतरल्या जागेस मोबाइलवर तारे देतात. त्या काळीं पुस्तक लिहावें लागे. पुढें १८५८ सालीं पुणें ते खंडाळा आगगाडी सुरू झाली, परंतु बोरघाटांतील रूळ पुरे व्हावयास १८६३ साल उजाडलें. मधल्या पांच वर्षांत मुंबईचा उतारू खंडाळ्यास गाडींतून उतरे, पालखींत किंवा तट्टावर बसून घाट उतरे आणि खालीं खोपोलीच्या बाजूस पुन्हां गाडींत बसे. त्याच सुमारास, म्हणजे १८५७ सालीं, वरसईचे विष्णुभट गोडसे पायीं उत्तरेस गेले आणि बंडाच्या धामधुमींतून परततांना मातापितरांसाठीं गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. त्यांची ‘माझा प्रवास’ ही हकीकत १९०७ सालीं छापली गेली. प्रवासांत काय न्यावें आणि काय आणावें, याविषयीं आमच्या मतें ह्याहून चांगला ग्रंथ मराठींत नाहीं.

आतां सरंजामाकडे वळूं. आमच्या लहानपणीं प्रवासाचें सामान ठरलेलें असे. हिरवी पत्र्याची ट्रंक, तिच्या झांकणावर पांढऱ्या रंगांत वडिलांचें नांव. सतरंजींत गुंडाळून सुतळीनें आवळलेली वळकटी. दशम्यांचा डबा, कारण दुधांत भिजविलेल्या कणकेच्या म्हणून त्या प्रवासांत चालत आणि दोन दिवस टिकत. आणि फिरकीचा तांब्या. हा फिरकीचा तांब्या ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. पितळेचा, गळ्याशीं आटे पाडलेला, झांकण फिरवून घट्ट बसणारा, वर धरण्यास कडी. आडवा पडला तरी थेंब सांडत नाहीं. स्टेशनावर बाकावर जागा नसली तर ट्रंकेवर बसावें, वळकटीला टेकावें आणि तांब्या मांडीवर धरावा. एवढी सोय हल्लींच्या विमानतळावरील खुर्चींतही आम्हांस आढळली नाहीं.

पुढें या तांब्यास एक प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला, आणि तो आमच्या शेजारच्या गांवींच जन्मला. ‘ईगल’चा थर्मास तळेगांव दाभाड्यास तयार होत असे, आणि चिंचवडहून तळेगांव म्हणजे लोकलनें अर्ध्या तासाची वाट. तळेगांवची कांच त्याहूनही जुनी. अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकानें एक पैसा द्यावा म्हणून पैसा फंड काढला, लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं त्या पैशापैशांतून तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. थर्मासाची युक्ति मात्र सर जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञाची, १८९२ सालची. कांचेच्या दोन भिंती, त्यांच्यामधील हवा काढून टाकलेली, आंतून चांदीचा मुलामा. उष्णतेला बाहेर जावयास हवेचा रस्ता नाहीं, आणि किरणरूपानें निघाली तर आरशावरून परत फिरते. हें संशोधन त्यांनीं अतिथंड वायूंसाठीं केलें होतें. आमच्या आईनें त्याचा उपयोग पंढरपूरच्या वाटेवर नातवंडांच्या दुधासाठीं केला. थर्मास हातांतून पडला म्हणजे आंत जो खळ्ळ असा आवाज होई, तो ऐकून घरांतील सर्व माणसें क्षणभर स्तब्ध होत. तो आवाज आमच्या पिढीच्या कानांतून जाणार नाहीं.

ट्रंकेचें राज्य नाशिककडच्या व्ही. आय. पी. पेट्यांनीं घालविलें, आणि त्या पेट्यांचें राज्य चाकांनीं. मनुष्य १९६९ सालीं चंद्रावर चालून आला; पेटीला चाकें लावावीं हें त्यास त्यानंतर सुचलें. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थांना १९७० सालीं ही कल्पना सुचली, तरीही त्यांची पेटी पट्ट्यानें कुत्र्यासारखी ओढावी लागे. उभी राहणारी, लांब दांड्याची दोनचाकी पेटी रॉबर्ट प्लाथ नांवाच्या वैमानिकानें १९८७ सालीं काढली. एवढ्या उशिराचें कारण काय असावें, याचा आम्हीं विचार केला. आमच्याकडे उत्तर सोपें आहे. चार आणे दिले कीं लाल डगल्याचा हमाल ट्रंक डोक्यावर घेई. जोंवर ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर आहे तोंवर चाकाची आठवण कोणास होणार?

चाकांच्या पेट्या पाहावयास आम्ही पिंपरी कॅम्पांत गेलों. येथील बाजार ज्यांनीं पाहिला असेल त्यांस त्याचें वर्णन नको, आणि ज्यांनीं पाहिला नसेल त्यांस तें पटणार नाहीं. दुकानाच्या दारांत पेट्यांचे मनोरे, लहान पेटी मोठींत, मोठी तिच्याहून मोठींत. एका पेटीच्या पोटांत मोबाइलला वीज पाजण्याची सोय होती, एकीवर मुलानें बसून पाय मारीत जावें अशी घसरगाडी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी या ठिकाणीं वसली, तीवरून ‘कॅम्प’ हें नांव. गल्ल्यावरील वृद्ध दुकानदारांना आम्हीं सहज विचारलें, सर्वांत टिकाऊ पेटी कोणती? त्यांनीं दुकानाच्या आंतल्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीखालीं ठेवलेल्या एका गंजक्या पत्र्याच्या ट्रंकेकडे बोट केलें. “ती विकायची नाहीं,” असें मराठींत म्हणाले. आम्हीं अधिक विचारलें नाहीं. नातवासाठीं एक निळी पेटी घेतली आणि परत आलों.

ज्येष्ठ वद्यांत तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस विठ्ठल मंदिरांत मुक्कामास येते. त्या रात्रीं पावसाची चिन्हें होतीं, आणि परभणीकडच्या सात वारकरी बाया आमच्या ओळखीच्या एकांमार्फत चिंचवडास आल्या. वहिनींनीं कोणास न विचारतां माडीचें दार उघडलें. बरण्या, पुस्तकें आणि गाद्या अर्ध्या तासांत खालीं आल्या. जें काम आमच्यानें चार वर्षें झालें नाहीं तें त्या सात जणींनीं पदर खोचून केलें. त्यांतील एकीचें सामान आम्हीं मुद्दाम पाहिलें. खताच्या जुन्या गोणीची शिवलेली पिशवी, तिला चेन, आंत दोन कप्पे, बाहेर तांब्यासाठीं एक खिसा, आणि पाऊस आला तर इरल्यासारखें डोक्यावरून घेण्यास गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद. वजन दीड शेरहून अधिक नसेल. आमच्या सबंध चौकशींत आम्हांस इतका विचारपूर्वक बनविलेला सरंजाम दुसरा आढळला नाहीं. बाई जिना चढून आल्या त्या पहिल्यानें पाणी मागतील असें आम्हांस वाटलें होतें, त्यांनीं विचारलें, “मामा, मोबाइल लावायला बटण कुठं हाय?” पूर्वी उतारूस आधीं विहीर दाखवावी लागे, आतां विजेचें बटण दाखवावें लागतें, एवढी नोंद आम्हीं सूनबाईंच्या कागदावर केली.

आषाढांत आम्ही चौदा माणसें भीमाशंकरास गेलों. वाहन अर्थातच ट्रॅव्हलर. या वाहनाचें मूळ आमच्याच भागांत आहे. १९५८ सालीं बजाज टेंपो ही कंपनी निघाली, जर्मनींतील ‘टेंपो’ नांवाच्या तीनचाकी गाडीचा परवाना घेऊन. पुढें तिचा कारखाना आकुर्डीस आला. २००५ सालीं कंपनीचें नांव बदलून फोर्स मोटर्स झालें, परंतु ‘टेंपो’ हा शब्द तोंवर मराठीचा होऊन गेला होता. भाजीचा टेंपो, वऱ्हाडाचा टेंपो, बिऱ्हाडाचा टेंपो. एखाद्या कंपनीनें आपलें नांव टाकून द्यावें आणि भाषेनें तें उचलून घ्यावें, असें क्वचितच घडतें.

परततांना पावसानें गांठलें आणि चाकणच्या अलीकडे वाहनांची रांग लागली. सात वाजतां थांबलेली गाडी दहा वाजले तरी दोन फर्लांग सरकली नव्हती. दादांचें वय शहात्तर. त्यांना मधुमेह आहे. शेवटीं चिरंजीवांनीं रस्त्यालगतच्या एका नव्या, झगमगीत हॉटेलांत चार खोल्या घेतल्या. येथें एक खुलासा केला पाहिजे. आमच्या मराठींत हॉटेल म्हणजे मिसळ आणि चहा मिळण्याची जागा. निजावयाच्या जागेस लॉज म्हणतात. निजावयाचें हॉटेल ही निराळी चीज आहे, आणि ती आम्ही प्रथमच आंतून पाहत होतों.

दिवाणखान्यांत शिरतांच वहिनी थबकल्या. मधल्या मेजावर एक फिरकीचा तांब्या होता, आणि त्यांत वाळलेलीं गवताचीं तुरे खोवलेले होते. झांकण कोठें दिसेना. वहिनींनीं तो उचलला, आंत डोकावून पाहिलें आणि गल्ल्यावरील तरुण मुलीस अतिशय सौम्यपणें सांगितलें, “बाळ, याला चिंच लावून घांसा. आणि फिरकी सांभाळून ठेवा, नाहींतर हा नुसता लोटा आहे.” ती मुलगी गोड होती, तिनें ‘हो आजी’ म्हटलें आणि लिहूनही घेतलें.

खोलीचें दार किल्लीनें नव्हे, पत्त्याच्या पानासारख्या एका तुकड्यानें उघडे. तोच तुकडा आंतील खांचेंत ठेवला म्हणजे दिवे लागत. हें चिरंजीव दादांस सांगावयास विसरले. दादांनीं वस्तु जागच्या जागीं असावी या सवयीनें तो तुकडा काढून खिशांत ठेवला, आणि पाऊण तास ते काळोखांत, वीज गेली आहे असें समजून, शांतपणें विष्णुसहस्रनाम म्हणत बसले. एका पलंगावर सहा उशा होत्या, मनुष्यें दोन. कपडे टांगण्याच्या आंकड्या दांडीपासून निघत नव्हत्या, म्हणजे उतारूनें त्या चोरूं नयेत अशी योजना. पाहुण्याविषयीं आदर आणि अविश्वास यांचा असा मिलाफ दुसरीकडे कोठें पाहावयास मिळणार!

परंतु खरा प्रसंग पुढें होता. न्हाणीघराची भिंत कांचेची होती. धुरकट नव्हे, स्वच्छ पारदर्शक. पलंगावर बसलेल्या मनुष्यास आंतील सर्व कांहीं दिसावें, असा त्या भिंतीचा उद्देश होता कीं दुसरा कांहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पडदा होता, पण तो विजेच्या बटणावर चाले आणि त्या रात्रीं चालत नव्हता. आमच्या कुटुंबानें आम्हांस खोलीबाहेर उभें केलें. शेजारच्या खोलींतून वहिनी आल्या, त्यांनीं भिंतीकडे एकवार पाहिलें, पिशवींतून नऊवारी लुगडें काढलें, त्याचें एक टोंक पडद्याच्या दांडीवरून आणि दुसरें दाराच्या कडीवरून घेऊन दोन मिनिटांत कांच झांकली. नऊ वारांचा उपयोग आम्हांस त्या दिवशीं कळला. चारही खोल्यांत मिळून लुगडीं दोनच होतीं, म्हणून रात्रीं अकरा वाजतां पाळ्या लावाव्या लागल्या.

या खोल्यांचें भाडें आम्ही येथें लिहीत नाहीं. दादांच्या वाचनांत हा लेख येणार आहे. दोष मात्र केवळ देऊं नये. पाणी उत्तम कढत होतें, चादरी शुभ्र होत्या, आणि आमच्या नातीस रात्रीं ताप भरला तेव्हां त्याच मुलीनें स्वतःच्या डब्यांतली मऊ खिचडी गरम करून आणून दिली. तिचे पैसे घेतले नाहींत. सूनबाईंनीं देऊं केले तेव्हां ती म्हणाली, “ते हॉटेलचं नव्हतं, माझं होतं.” दादा हें ऐकत होते.

सकाळीं न्याहारीच्या वेळीं शेजारच्या मेजावर चारपांच जपानी गृहस्थ होते. आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत आहे, त्याच्या ओळखीनें बोलणें झालें. त्यांतील एक, वयानें पन्नाशीचे, पांच महिने त्याच हॉटेलांत राहत होते. चाकणास १९९९ सालीं बजाजचा कारखाना झाला, २००९ सालीं फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे झाले, त्यामागून कितीएक आले. त्यांच्याबरोबर अशीं दूरदेशचीं माणसेंही येतात, आणि यंत्र बसेपर्यंत राहतात. इतक्या महिन्यांत इकडे काय काय पाहिलें, असें आम्हीं विचारलें. कारखाना, हॉटेल आणि मधला रस्ता, असें त्यांनीं उत्तर दिलें. कोणा मराठी माणसाचें घर पाहिलें का? तेव्हां ते हंसले आणि मान हलविली. संग्रामदुर्ग त्यांच्या खिडकींतून फार दूर नव्हता. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाशीं तो दोन महिन्यांच्या सुमारास झुंजविला, ही हकीकत त्यांस कोणीच सांगितली नव्हती. आम्हीं सांगितली. मास्तरकी अंगांतून जात नाहीं.

जपानी लोकांचा उल्लेख आलाच आहे, तर कप्प्यांच्या हॉटेलाविषयींही दोन शब्द. किशो कुरोकावा या स्थापत्यकारानें १९७९ सालीं ओसाका शहरांत असें पहिलें हॉटेल बांधलें. मधमाशांच्या पोळ्यासारखे भिंतींत कप्पे, प्रत्येकांत एक मनुष्य, बसतां येईल पण उभें राहतां येणार नाहीं. आपल्याकडे रेल्वेनें २०२१ सालीं मुंबई सेंट्रल स्टेशनावर तसे ४८ कप्पे केले. चिरंजीवांनीं तेथें एक रात्र काढली आणि फार कौतुक केलें. दादा म्हणाले, “त्यांत नवें काय? रेल्वेच्या वरच्या फळीवर आपण हेंच करीत आलों. फक्त गाडी चालत नाहीं, एवढाच फरक.”

पुतण्यानें आम्हांस एक दुसरेंही ठिकाण दाखविलें. महाळुंग्याकडे शेतकऱ्यांनीं रस्त्याकांठीं खोल्यांच्या रांगा बांधल्या आहेत. दहा बाय बाराच्या एका खोलींत आठ मुलें, कोणी बीडचा, कोणी बिहारचा, कोणी ओरिसाचा. गाद्या चार. रात्रपाळीचा उठून गेला कीं दिवसपाळीचा त्याच गादीवर येऊन निजतो. भिंतीवर आठ खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एक पाठीवरची पिशवी. ज्याचा सर्व संसार त्या पिशवींत आहे, त्यास प्रवासी म्हणावें कीं रहिवासी? या उताऱ्यास कोणी तारे देत नाहीं. त्या झगमगीत हॉटेलापासून ही जागा दोन मैलही नसेल.

घरीं आल्यावर आठ दिवस कोणीं विषय काढला नाहीं. मग एका संध्याकाळीं ओट्यावर दादांनींच विचारलें, “तुझ्या चौकशीचें काय झालें?” आम्हीं जें पाहिलें तें सांगितलें, आणि शेवटीं पाणिनीचा आधार घेतला. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत एक सूत्र आहे. वाटेसाठीं जें चांगलें तें पाथेय, अतिथीसाठीं जें चांगलें तें आतिथेय, वस्तीसाठीं चांगली ती वासतेयी, आणि धन्यासाठीं चांगलें तें स्वापतेय, म्हणजे द्रव्य. हे चारही शब्द त्या एकाच सूत्रानें, एकाच प्रत्ययानें सिद्ध होतात. वाट, पाहुणा, मुक्काम आणि पैसा यांना मुनींनीं एका पंक्तीस बसविलें आहे. दादा बराच वेळ बोलले नाहींत. “व्याकरणांत पंक्तिप्रपंच नसतो,” असें मग म्हणाले, “घरांत असतो.” त्यांचें म्हणणें खोटें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. मेघदूतांतल्या राजहंसांनीं कमळाचे कोंब पाथेय म्हणून घेतले, त्यांची किंमत सरोवरानें मागितली नव्हती, हेंही त्यांनीं ऐकविलें. त्यावर सूनबाई आंतून म्हणाल्या, “सरोवराला छप्पर नव्हतं, दादा.” सासऱ्यांपुढें एवढें बोलून त्या स्वतःच घाबरल्या असाव्यात, कारण आंत भांडें पडल्याचा आवाज झाला. दादा मात्र हंसले. वैशाखापासून प्रथमच.

निकाल वहिनींनीं लावला. माडी भाड्यानें द्यावी. भाद्रपद आणि माघ या दोन महिन्यांत मोरगांवच्या पालखीचे दिवस, आणि ज्येष्ठांत आकुर्डीच्या मुक्कामाची रात्र, या दिवशीं पैसा घ्यावयाचा नाहीं. कोणी आजारी पडला तर त्याच्या पथ्याचे पैसे लावावयाचे नाहींत. ‘तें घराचें, माडीचें नव्हे’, असें त्यांनीं त्या हॉटेलांतील मुलीचेंच वाक्य थोडें फिरवून सांगितलें. महाळुंग्याच्या मुलांपैकीं कोणाचे आईबाप भेटीस आले तर निम्मे भाडें. उशा माणशीं एक. विजेचीं बटणें चार, उशाशीं. आणि न्हाणीघरास कांच कदापि नाहीं.

साफसफाईंत आमचा जुना फिरकीचा तांब्या बरण्यांच्या मागें सांपडला. फिरकी जागेवर होती, पण आटे झिजले होते. पुण्यास कसब्यांतील तांबट आळींत नेला. तेथील कारागिरांकडे हल्लीं शहरांतल्या श्रीमंत हॉटेलांसाठीं ठोक्याच्या कामाचे दिवे आणि घंगाळें घडविण्याचें काम जोरांत आहे; तरी एका म्हाताऱ्या तांबटानें हातांतलें काम खालीं ठेवून आमच्या तांब्याचे आटे पुन्हां पाडून दिले. माडीवर तो आतां पाणी भरून ठेवलेला असतो. त्यांत गवत खोवण्यास मनाई आहे.

पहिले पैसे देणारे पाहुणे श्रावणांत आले. सोलापूरकडचें एक जोडपें. त्यांचा मुलगा चाकणास कामाला लागला होता, आणि तो राहतो कसा हें पाहावयास आईबाप आले होते. सूनबाई दारांत गेल्या तोंवर दादा ओट्यावरून उठले होते. त्यांनीं त्या गृहस्थांच्या हातांतली पेटी घेतली, आणि तिला चाकें असतांही ती उचलूनच जिन्यावर नेली. तीन दिवसांचें भाडें मोबाइलवर आधींच जमा झालें होतें. जातांना त्या बाईंनीं वर आणखी पन्नासाची नोट दादांच्या नातीच्या हातावर ठेवली, ती दादांनीं ठेवूं दिली.

कौलांचें काम दसऱ्यानंतर धरावयाचें ठरलें आहे. तोंवर पश्चिमेच्या कोपऱ्यांत बादली आहेच.